एकास साडेतीनशे

दिवसभर मी लोकांच्या कवळ्या घडवते,
पूला शहरात, दाताच्या दवाखान्याच्या तळघरात.
रात्री त्याच कानशीनं, त्याच चिमट्यानं
एक टॉर्पेडो-बोट.
दाढ काय, तोफ काय, हात सारखाच चालतो.
फक्त तोफ टोचते म्हणून
कुणी परत येत नाही.

प्रमाण एकास साडेतीनशे.
म्हणजे माणूस तांदळाच्या कणीएवढा.
म्हणजे आमच्या नोनोच्या मिशा...
सोडून द्या.

नोनो म्हणजे आजोबा. आमच्या गल्लीत
दोन्ही भाषांत नोनोच म्हणतात.
नोनो झ्वाने बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा.
भरती झाला बादशहाच्या आरमारात,
घरी परतला तेव्हा बंदर राजाचं झालं होतं,
आणि मेला लाल ताऱ्याची पेन्शन खात.
घर त्यानं एकदाही बदललं नाही.
गल्लीचं नाव तेवढं चारदा बदललं.

बाबा गोदीत रंगारी.
करडा रंग त्यांनी शिकवला मला:
तीन वाट्या पांढरा, एक वाटी काळा
आणि चमचाभर निळा.
"तो निळा विसरलीस, नेरीना,
तर जहाज मेलेलं दिसतं."
काडेपेटीच्या काड्यांची एक बोट
त्यांनीही करायला घेतली होती,
नोनोला विचारून विचारून.
"पुढं काय होतं?"
"उकाडा."
"मागं?"
"कोळसा."
"आणि वर, डेकवर?"
"मला काय ठाऊक."

त्यामुळे बाबांची बोट
कंबरेच्या वर कधी गेलीच नाही.
आईनं तिच्यात मसूर ठेवला, मग सुया,
मग बाबांना खोकला लागला तेव्हा
औषधाच्या बाटल्या.
गोदीतल्या सगळ्याच रंगाऱ्यांना होता तो खोकला.

माझ्याकडे नकाशे आहेत, व्हिएन्नाहून मागवलेले,
एकेक रिव्हेट मोजलेली.
डोलकाठीच्या ताणांना नायलॉन लावून पाहिला, सैल पडतो.
आता आईचे केस लावते.
शहाऐंशीची आहे, समोरच बसलेली असते,
म्हणते, "घे, पण कानामागचे घे."

डेक चिकटवण्याआधी
बॉयलरच्या खोलीत एक कणी उभी केली,
काळी रंगवून, हातात फावडं देऊन.
फावड्याला दीड रात्र गेली.
मग वरून डेक बसवला.
आता परीक्षकांनी कितीही बॅटरी मारली
तरी दिसायचा नाही.
भट्टीवाल्याला खिडकी नसतेच.

धाकटा भाऊ मोनफाल्कोनेहून फोन करतो,
"झेंडा कुठला लावतेस?"
त्याच्या आवाजात आधीच भांडण तयार.

मी सहा वर्षांची असताना, एकदाच,
कुणी न विचारता नोनोनं सांगितलं होतं:
शनिवारी धुरांड्यापासून तोफेपर्यंत दोरी बांधायची
आणि अख्ख्या बोटीचे सदरे वाळत घालायचे.
त्याचा कितीही घासला तरी काळाच.
धक्क्यावर मासे कापणारी एक पोरगी
तेवढा एकच सदरा ओळखायची
आणि सुरीसकट हात वर करायची.
लोक दचकून बाजूला व्हायचे.
ती आमची नोना.

चहाच्या पिशवीचा कागद चांगला लोंबतो.
त्याचे तेवीस सदरे कापले,
बावीस पांढरे.
भावाला म्हटलं, झेंड्याला जागाच उरली नाही रे,
आज शनिवार आहे.
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "बाह्या खाली करून टांगल्यास ना?"

बोट पुरी झाली. आईनं उचलून
कानाशी धरली, हलवली, पुन्हा हलवली.
"आत काहीतरी सुटलंय.
खुळखुळतंय बघ. गोंद कमी पडला."
असू दे, मी म्हटलं.
उकडत असेल त्याला.